डावीकडचं अपेंडिक्स

माझ्या पोटावर डाव्या बाजूला, कमरेच्या हाडाच्या जरा आत, एक तिरका व्रण आहे. नवीन डॉक्टरांकडे तपासायला गेले की ते विचारतात, "हे कसलं ऑपरेशन?" मी सांगते, "अपेंडिक्सचं." बहुतेक जण मान डोलावून पुढे लिहायला लागतात आणि मग त्यांचं पेन थांबतं. ते आधी व्रणाकडे बघतात, मग माझ्या तोंडाकडे. "पण हा तर डावीकडे आहे!"

हा अनुभव लिहून काढायचं कधी डोक्यात नव्हतं. पण मध्यंतरी आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या भाचीला सातव्या महिन्यात पोटात दुखायला लागलं, अगदी बरगड्यांखाली. घरच्यांना वाटलं पित्त, कुणाला वाटलं बाळाच्या लाथा. निघालं अपेंडिक्स, वाढत्या गर्भाने वर ढकललेलं. आई आणि बाळ दोघंही सुखरूप आहेत. पण ती घाबरलेली मुलगी मला भेटायला आली आणि माझी हकीकत ऐकून म्हणाली, "मावशी, हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं हो." म्हणून सांगते.

सुनंदाचं डोहाळजेवण

ऐंशीच्या दशकातली, मधल्या वर्षांतली ही गोष्ट. मुलुंड पूर्वेला आमचं दोन खोल्यांचं घर. मी, माझे मिस्टर प्रकाश, पहिलीत जाणारी स्नेहा आणि सासूबाई. सासूबाईंना मी आईच म्हणते. त्या कणकवलीकडच्या. सासरे गिरणीत होते, त्यामुळे आईंचं सगळं आयुष्य मुंबईत गेलं, पण बोलणं मात्र मालवणीच राहिलं.

त्या रविवारी घरात माझ्या नणंदेचं, सुनंदाचं, डोहाळजेवण होतं. पहाटे उठले तीच बेंबीभोवती कळ घेऊन. दुखणं असं ठाम नव्हतं, नुसतंच मुरडल्यासारखं. चहा घेतला, तो उलटला. म्हटलं, कामाच्या गडबडीत जाईल. सुनंदाला फुलांची वाडी भरायची होती, करंज्या तळायच्या होत्या. कढईसमोर उभी राहिले आणि तेलाचा वास डोक्यात गेला. दुपारपर्यंत कळ बेंबीपासून सरकून खाली, डावीकडे येऊन बसली. आता ती ठाम होती. पाय टाकला तरी जाणवायची.

मी आतल्या खोलीत कॉटवर, पाहुण्यांच्या पर्सा आणि पिशव्या बाजूला सारून आडवी झाले. आई दारात आल्या.

"वृंदा, बायलमाणसां येऊन बसली आणि तू हय आडवी?"

"आई, पोटात फार दुखतंय."

त्या तशाच माघारी बाहेर गेल्या. महिनाभरापूर्वी माझं आणि सुनंदाचं थोडं वाजलं होतं. तिला कार्यक्रम हॉलमध्ये हवा होता, मी म्हटलं होतं घरीच करू. त्यामुळे आईंना काय वाटलं असेल ते उघड होतं. आमच्या दोन खोल्यांमधली भिंत नावापुरतीच. शेजारच्या काकूंना त्या म्हणाल्या ते मला स्पष्ट ऐकू आलं.

"उलट्या काळजाची आसा. नणंदेचो सोहळो, आणि हिका आजच दुखूक लागला."

बाहेर बायका बर्फी की पेढा म्हणून हसत होत्या आणि मी उशी तोंडात धरून रडत होते. दुखण्यामुळे निम्मं, या वाक्यामुळे निम्मं.

आईंच्या संशयाला एक जुनं कारणही होतं. माझं माहेर दहिसरचं. लहानपणी तिथले डॉक्टर छातीला नळी लावायचे आणि माझ्या वडिलांना, आप्पांना, सांगायचे, "ठोके फार मंद लागतात. नाजूक आहे मुलगी, जपा." मग टॉनिकच्या बाटल्या, संध्याकाळी लवकर घरी, खेळाच्या तासाला चिठ्ठी, सहलीला नाही. लग्न ठरताना आप्पांनी हे सगळं प्रामाणिकपणे सासरी सांगितलं होतं. प्रकाशने मान हलवली, "चालेल." आईंनीही हो म्हटलं. पण त्यानंतर मी कधीही जरा टेकले, की त्यांच्या नजरेत ते 'नाजूक' दिसायचं.

"अपेंडिक्स उजवीकडे असतं, बाई"

पाहुणे गेल्यावर प्रकाश मला आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे घेऊन गेले. सज्जन, वयस्कर गृहस्थ. मुलुंडमध्ये निम्म्या घरांचे डॉक्टर तेच. त्यांनी पोट दाबून पाहिलं. उजवीकडे दाबलं, काही नाही. डावीकडे दाबलं आणि मी ओरडलेच.

"काय खाल्लंत काल?"

"विशेष काही नाही हो. आज तर पाणीसुद्धा टिकत नाहीये." मग मी जरा भीतभीतच विचारलं, "डॉक्टर, अपेंडिक्स तर नसेल ना? आमच्या शाळेतल्या एका बाईंना असंच झालं होतं."

ते हसले. "मराठी शिकवता ना तुम्ही? अपेंडिक्स उजवीकडे असतं, बाई. तुमचं दुखतंय डावीकडे. गॅसेस आहेत."

एक इंजेक्शन दिलं. कंपाउंडरने गुलाबी औषधाची बाटली दिली, बाजूला डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवलेली. मी बाटली पिशवीत ठेवली. पुस्तकात जे लिहिलंय तेच ते सांगत होते, त्यांना काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी ताप चढला. शाळेत निरोप द्यायला शेजारच्यांचा फोन वापरला, त्यांच्या हॉलमध्ये उभी राहिले तेव्हा कमरेत वाकलेलीच होते. संध्याकाळी जवळच्या एका नर्सिंग होममध्ये गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरांनी लघवी तपासली आणि म्हणाले, मूतखडा असावा. डावीकडचा. पाणी भरपूर प्या, नारळपाणी प्या, पडून जाईल.

मूतखडा म्हटल्यावर मात्र आई जाग्या झाल्या. डॉक्टरांनी नाव दिलेला आजार त्यांना मान्य होता. त्यांनी कुळीथ उकळून त्याचं पाणी गाळून पेल्यात आणलं.

"पी गो. माझ्या भावाचो खडो ह्याच्यानच पडलो."

मी प्यायले. ते पाणी आणि प्रकाशने आणलेलं नारळपाणी, दोन्ही थोड्याच वेळात बाहेर आलं. आई मोरीपाशी माझी पाठ चोळत उभ्या होत्या. 

त्या दोन दिवसांत सगळ्यात वाईट काय होतं, सांगू? दुखणं नव्हे. स्वतःच्या दुखण्यावरचा विश्वास जाणं. गॅस म्हणतात म्हणजे गॅसच असेल. खडा म्हणतात म्हणजे खडाच असेल. मग मला इतकं सहन का होत नाही? मी खरंच नाजूक आहे का? का मी हे सगळं मुद्दाम करतेय आणि मलाच कळत नाहीये?

स्नेहा शाळेतून आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "आई, तू मरणार आहेस का?"

 मी म्हटलं, "आधी दप्तर जागेवर ठेव."

घाटकोपर

सकाळी डावा पाय सरळ करता येईना. गुडघा पोटाशी घेतला तरच बरं वाटायचं. प्रकाशने माझ्याकडे पाहिलं, कामावर जायला घातलेला शर्ट तसाच ठेवला आणि खाली जाऊन टॅक्सी आणली.

"अहो, तुमची सकाळची पाळी?"

"गेली खड्ड्यात पाळी. चल."

त्यांच्या कंपनीतल्या एका मित्राने घाटकोपरच्या एका मोठ्या हॉस्पिटलचं नाव सांगितलं होतं. रस्ताभर टॅक्सीवाला खड्डा यायच्या आधी सांगत होता, "बहेनजी, संभालना, आगे गड्ढा है." त्या माणसाचा चेहरा मी नीट पाहिलाही नाही, पण आजही त्याच्यासाठी माझ्या मनात हात जोडलेले असतात.

तिथे डॉ. मिरजकर हे सर्जन होते, आणि एक स्त्रीरोगतज्ज्ञ बाई. दोघांनी तपासलं, आपसात बोलले आणि प्रकाशला बाजूला बोलावलं. मी म्हटलं, मला पण सांगा. मिरजकर कॉटजवळ आले.

"डाव्या अंडाशयाला गाठ असावी आणि ती पिळली गेली असावी असं वाटतंय. उघडून पाहावं लागेल. गाठ वाईट असली तर ते अंडाशय काढावं लागेल."

आम्हाला दुसरं मूल हवं होतं. त्याबद्दल घरात बोलणं चाललं होतं, स्नेहाला भाऊ हवा की बहीण यावर तिच्याशी गमती व्हायच्या. मी प्रकाशकडे पाहिलं. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "तू आधी. बाकी सगळं नंतर." त्यांनी सही केली.  सही करताना आपला चेहरा मला दिसू नये म्हणून ते पाठ करून उभे राहिले होते.

रेगे बाई

दुपारी भूल देणाऱ्या डॉक्टर आल्या. डॉ. रेगे. बारीक चणीच्या, केसांचा घट्ट अंबाडा, हसऱ्या. भूल देण्याआधी हृदय आणि छाती तपासतात, तेवढंच त्यांचं काम होतं. त्यांनी डावीकडे स्टेथोस्कोप ठेवला. मग जरा खाली, जरा वर. कपाळाला आठी पडली. मला वाटलं, झालं. आता ह्या पण म्हणणार, ठोके मंद आहेत.

त्यांनी नळी उचलून उजवीकडे ठेवली. आणि तिथे त्या थांबल्या.

"बोलू नका हं जरा."

मग डोळे मिटून ऐकत राहिल्या. नंतर डाव्या बरगड्यांवर बोटाने टकटक केलं, मग उजव्या बरगड्यांवर. परत डाव्या. शेवटी नळी गळ्यात टाकून माझ्या कॉटवर बसल्या.

"तुमच्या छातीचा एक्सरे कधी काढलाय?"

"नाही."

"बाळंतपणात? नोकरीला लागताना?"

"नाही हो. नोकरीच्या वेळी डॉक्टरांनी नुसतं विचारून सर्टिफिकेट दिलं होतं."

"तुमचं हृदय उजवीकडे आहे. ठाऊक आहे तुम्हाला?"

मला ती गंमत वाटली. मग भीती वाटली. "म्हणजे ते सरकलंय?"

"सरकलंबिरकलं काही नाही. जन्मापासून तिथेच आहे. आणि लिव्हर माझ्या अंदाजाने डावीकडे आहे." त्या जरा पुढे सरकल्या. "आता मला एक सांगा. दुखणं पहिल्यांदा कुठे सुरू झालं?"

एवढ्या दिवसांत कुठे दुखतंय हे सगळ्यांनी विचारलं होतं. सुरू कुठे झालं, हे कुणीच विचारलं नव्हतं.

"बेंबीपाशी," मी म्हटलं.

"आणि मग?"

"मग खाली आलं. डावीकडे."

"भूक?"

"पहिल्या दिवसापासून नाही."

त्या उठल्या आणि जवळजवळ पळतच बाहेर गेल्या. थोड्या वेळात मला चाकांच्या खुर्चीवरून एक्सरेला नेलं. ओली फिल्म घेऊन मिरजकर वॉर्डच्या खिडकीपाशी आले, उजेडात धरली आणि सवयीने उलटी केली. मग फिल्मच्या कोपऱ्यातलं डावं-उजवं दाखवणारं अक्षर पाहिलं आणि परत सुलटी केली. परत बघितलं.

"फिल्म बरोबरच आहे," रेगे बाई म्हणाल्या. "मी बघितलंय."

मिरजकरांनी हळूच शीळ घातली. मग माझ्याकडे वळून त्यांनी मला समजेल असं सांगितलं. आरशात उभं राहिलं की डावा हात उजवीकडे दिसतो ना, तसं माझं आतलं सगळं आहे. कमी काही नाही, बिघडलेलं काही नाही, फक्त बाजू बदललेल्या. फार थोड्या लोकांत असं असतं. त्यामुळे इतरांचं अपेंडिक्स उजवीकडे, माझं डावीकडे.

"म्हणजे हे अपेंडिक्सच?"

"बहुतेक तेच."

"मी विचारलं होतं हो," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. पोट दुखत होतं, ताप होता, ऑपरेशन व्हायचं होतं, आणि मी आनंदाने रडत होते. माझं दुखणं खोटं नव्हतं. त्याला नाव होतं.

टेबलावर

पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर केला. ते घेताना गुडघे छातीशी घेऊन वाकायचं असतं. रेगे बाईंनी माझं डोकं स्वतःच्या पोटाशी धरून ठेवलं होतं. थोड्या वेळाने पाय माझे राहिले नाहीत. पण मी जागी होते. डोळ्यांसमोर हिरवा पडदा, आणि त्याच्या पलीकडचं सगळं बोलणं ऐकू येत होतं.

मिरजकर आले आणि नेहमीप्रमाणे माझ्या उजव्या बाजूला उभे राहिले.

"सर, आज इकडून," रेगे बाई म्हणाल्या.

"अरे हो! चला, सगळ्यांनी बाजू बदला." भांड्यांचा आवाज, चपलांची फरफट. "सिस्टर, तुम्ही पण. आज आपली सगळ्यांची परीक्षा आहे."

सगळे हसले. मी पण हसले. भीती होती, पण हसणाऱ्या माणसांच्या हातात आपण आहोत हे बरं वाटत होतं. नंतर ते गप्प झाले. पोटात कुणीतरी ओढतंय, दाबतंय एवढंच कळत होतं, दुखत नव्हतं. रेगे बाई माझ्या कपाळावर हात ठेवून बसल्या होत्या.

"हं. सापडलं." मिरजकरांचा आवाज. "टोक काळं पडलंय. पण फुटलेलं नाही. वेळेवर आलो."

मग थोड्या वेळाने पडद्यावरून त्यांचा चेहरा डोकावला. "बाई, अंडाशयं दोन्ही पाहिली. एकदम झकास आहेत."

मी मनात म्हटलं, आता मला काहीही करा.

वॉर्ड

पोटाचं ऑपरेशन झालेल्या माणसाची हॉस्पिटलमध्ये एकच चौकशी असते. सिस्टर सकाळी वॉर्डच्या दारातूनच मोठ्याने विचारायची, "गॅस पास झाला का?" वर्गात शिस्तीची म्हणून प्रसिद्ध असलेली मी, मान खाली घालून "नाही" म्हणायचे. तो झाल्याशिवाय घोटभर पाणीही नाही. ओठांवर ओला कापूस फिरवायचे फक्त. अखेर झाला तेव्हा शेजारच्या कॉटवरच्या चंपाबेननी टाळी वाजवली. त्यांचं पित्ताशय काढलं होतं, त्यामुळे त्या या परीक्षेतून माझ्या आधी पास झालेल्या. त्यानंतर मिळालेला अर्धा कप चहा, हॉस्पिटलचा पाणचट, दुधाला वास असलेला चहा, त्याची चव मी विसरलेले नाही.

शिकाऊ डॉक्टर रांगेने यायचे. रेगे बाईंनी त्यांना आधी बजावलं होतं, विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. मग प्रत्येक जण अदबीने, "मॅडम, ऐकू का?" आधी डावीकडे ऐकायचा, गोंधळायचा, मग उजवीकडे ऐकला की तोंडभर हसायचा. माझ्या वर्गातली मुलं गणित सुटल्यावर हसतात तसा.

चंपाबेन म्हणाल्या, "बेन, इतना डाक्टर तुमकू देखने आता है, तुम पिक्चर का हिरोईन है क्या?"

हसू नको म्हणावं तर येतंच. टाक्यांवर उशी दाबून धरून मी हसले.

एका संध्याकाळी आमचे फॅमिली डॉक्टर आले. पिशवीत मोसंबी घेऊन, मुलुंडहून. प्रकाशने त्यांना कळवलं होतं. जरा वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग खिशातून स्टेथोस्कोप काढला. "हरकत नसेल तर." त्यांनी उजवीकडे बराच वेळ ऐकलं.

"तुम्ही बरोबर विचारलं होतंत," ते म्हणाले. "मी पोट तपासलं, छाती तपासली असती तर..."

"डॉक्टर, मला तरी कुठे ठाऊक होतं?"

माझ्या मनात त्यांच्याबद्दल राग नव्हता, आजही नाही. तेव्हापासून त्यांच्या दवाखान्यात पोट दुखतंय म्हणून गेलेल्या प्रत्येकाची छातीही तपासली जायची, असं मुलुंडमधले लोक सांगतात.

आप्पा दहिसरहून आले. मिरजकरांनी त्यांना सांगितलं, "हृदय अगदी ठणठणीत आहे. आजवर चुकीच्या बाजूला ऐकलं, म्हणून मंद लागलं." आप्पा स्टुलावर बसून राहिले. मग म्हणाले, "तुला एकदाही सहलीला पाठवलं नाही गं."

"आता जाईन की," मी म्हटलं. आणि गेलेही. त्याच थंडीत माझ्या वर्गाला घेऊन बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांवर चढले. माझ्याबरोबरच्या बाई दोनदा बसल्या, मी नाही.

आईंचा हात

आई पहिले काही दिवस आल्या नव्हत्या. स्नेहा घरी होती, हे कारण होतंच. एका दुपारी त्या डबा घेऊन आल्या. पेज आणली होती, मऊ, मीठ घातलेली. स्टुलावर बसल्या. माझ्याकडे बघेनात. डब्याचं झाकण नुसतंच फिरवत राहिल्या.

"प्रकाश सांगी होतो. खरांच उलटां आसा?"

"काय आई?"

"काळीज."

"हो. उजवीकडे आहे."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. सासरे गेले तेव्हाही त्या सगळ्यांना चहा करून देत होत्या.

"माझ्याच तोंडातसून गेला गो त्या दिवशी. भरल्या घरात, तुझ्या पोटात आग पडलेली, आणि मी काय बोललंय! देवान आयकला. खरां करून दाखवल्यान."

मी बघतच राहिले. त्यांना खरोखर वाटत होतं की त्यांच्या शब्दाने माझं काळीज फिरलं. हा विचार उराशी घेऊन त्या इतके दिवस स्नेहाची वेणी घालत होत्या, तिला शाळेत पाठवत होत्या, आणि मला तोंड दाखवायला घाबरत होत्या.

"आई, ते जन्मापासून आहे. मी पाळण्यात होते तेव्हापासून."

"खरां?"

"डॉक्टरांना विचारा."

नेमके मिरजकर राउंडला आले. आईंनी त्यांना सोडलंच नाही.

"डॉक्टरानूं, माणसाच्या बोलण्यान काळीज फिरता?"

मिरजकरांना काही कळलं नाही, पण त्यांनी अगदी गंभीरपणे उत्तर दिलं. "नाही आजी. बोलण्याने दुखतं. फिरत नाही."

 आईंनी पदराने तोंड पुसलं, चमचा घेतला आणि मला पेज भरवायला लागल्या. माझे हात चांगले होते, सलाईनही काढलं होतं. पण मी तोंड उघडलं.  शेवटचा चमचा झाल्यावर त्या म्हणाल्या, "माका माफ कर असा म्हणूक येणा नाय गो माका."

"म्हणू नका."

"बरां."

सांगायचं ते एवढंच

मी डॉक्टर नाही. पण या दुखण्यातून गेलेली बाई म्हणून सांगते. पोट दुखलं तर ते आत्ता कुठे दुखतंय एवढ्यावर थांबू नका, सुरू कुठे झालं आणि कुठून कुठे गेलं तेही सांगा. कुणी विचारलं नाही तरी सांगा. आपलं शरीर तक्त्यावरच्या चित्रासारखंच असेल असं नाही. कुणाचं माझ्यासारखं आरशातलं असेल, कुणाचं आतडं लहानपणापासून वेगळं वळलेलं असेल, कुणाच्या पोटात बाळ असेल. एका औषधाने दुखणं गेलं नाही, ताप चढत गेला, तर लाज न बाळगता परत जा, दुसरीकडे जा. आणि घरचं माणूस दुखतंय म्हणालं, तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवा. नाव नंतर सापडतं.

मी आता कुठल्याही डॉक्टरसमोर बसले की पहिलं वाक्य हेच असतं: "माझं सगळं उलट्या बाजूला आहे." मग निवांत तपासणी होते.

स्नेहा

टाके काढायला गेले तेव्हा स्नेहालाही बरोबर नेलं. तिचंही माझ्यासारखंच आहे का, हे पाहायचं होतं. रेगे बाईंनी तिला टेबलावर बसवलं, नळी तळहातावर घासून गरम केली आणि ऐकलं.

"डावीकडे. अगदी सगळ्यांसारखं."

मी सुटकेचा श्वास सोडला. स्नेहाचं तोंड मात्र पडलं. घरी येईपर्यंत ती गाल फुगवून होती. जिन्यात कुणीतरी विचारलं तर रागाने म्हणाली, "माझं काहीच उलटं नाहीये."

घरी मी कॉटवर पडले. ती येऊन बाजूला बसली. "तुझं मला ऐकव."

मी तिचं डोकं हळूच माझ्या छातीच्या उजव्या बाजूला टेकवलं, जखमेला धक्का लागणार नाही असं. ती श्वास रोखून राहिली.

"आहे! आज्जी, आहे गं! ये ना, तू पण ऐक."

आई आत भाकऱ्या थापत होत्या. त्या पिठाचे हात पदराला पुसत बाहेर आल्या आणि दारात अडखळल्या. या दुखण्याआधी इतक्या वर्षांत आम्ही एकमेकींना पाया पडण्यापलीकडे फारसा स्पर्श केला नव्हता. मी जरा सरकले. त्या कॉटच्या कडेला बसल्या, चष्मा काढून बाजूला ठेवला, वाकल्या, आणि कान माझ्या छातीला लावला. त्यांच्या केसांना खोबरेल तेलाचा आणि तव्यावरच्या भाकरीचा वास येत होता.

बराच वेळ झाला. स्नेहाला राहवेना.

"आज्जी, काय म्हणतंय?"

"गप," आई म्हणाल्या. "ऐकूक दी माका."